घरी बांधलेली मोटार

मोटार ही कारखान्यात तयार होऊन दुकानात विकत मिळणारी वस्तू आहे, ही समजूत आपल्या मनात इतकी रुजलेली असते की एखाद्या गृहस्थाने ती घरी बांधली असे सांगितल्यास ऐकणाऱ्याला ती थट्टाच वाटावी. ब्रिटनमध्ये मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापासून आजतागायत असंख्य हौशी लोकांनी घराला लागून असलेल्या छोट्या गॅरेजमध्ये, संध्याकाळच्या आणि सुटीच्या वेळात, स्वतःच्या हातांनी मोटारी बांधल्या आहेत आणि रीतसर नोंदणी करून त्या सार्वजनिक रस्त्यावर चालविल्या आहेत. अशा मोटारीला तिकडे ‘किट-कार’ म्हणतात. किट म्हणजे जुळणीचा संच. एखादा लहान कारखाना सांगाडा, बाह्यांगाचे भाग आणि काही खास सुटे भाग पुरवितो. इंजिन, गिअरपेटी, मागचा आस, सुकाणूची यंत्रणा वगैरे महत्त्वाचे अवयव बांधणारा एखाद्या जुन्या मोटारीतून काढून घेतो. त्या जुन्या मोटारीला ‘दाता मोटार’ असे समर्पक नाव आहे. बहुतेक किट-कारचे रूप जुन्या वळणाचे असते: उघडी, दोन आसनांची, लांब नाकाची, चाकांवर सुटी मडगार्डे असलेली.

हा उद्योग हौसेचा खरा. परंतु त्याचा जन्म निव्वळ हौसेतून झालेला नाही. एक कर आणि लोखंडाला चढणारा गंज, या दोन अगदी रुक्ष गोष्टींचा त्यात मोठा वाटा आहे.

१९२२ साली ब्रिटनमध्ये ‘ऑस्टिन सेव्हन’ ही छोटी मोटार बाजारात आली. १९३९ पर्यंत तिचे उत्पादन चालू होते आणि तेवढ्या काळात सुमारे २ लाख ९० हजार मोटारी तयार झाल्या. या मोटारीचा सांगाडा आणि वरचे बाह्यांग ही दोन स्वतंत्र अंगे होती. बाह्यांग सोडवून बाजूला ठेवले की खाली इंजिन, चाके आणि सुकाणू यांसह चालू शकणारा एक पाटच शिल्लक राही. त्यावर पत्र्याचे हलके, निमुळते बाह्यांग चढविले की स्वस्तात शर्यतीची मोटार तयार होई. युद्धानंतर जुन्या ऑस्टिन मोडीच्या भावात मिळू लागल्या, तेव्हा अशा घरगुती मोटारींचे पेवच फुटले. लंडनमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या कॉलिन चॅपमन या तरुणाने १९४८ साली आपली पहिली मोटार अशाच एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर बांधली. जागा होती त्याच्या भावी पत्नीच्या आईवडिलांच्या घरामागचे गॅरेज. पुढे १९५२ साली त्याने हॉर्न्सी येथे, एका उपाहारगृहामागच्या जुन्या तबेल्यात, ‘लोटस’ हा व्यवसाय थाटला. जगभरच्या शर्यती जिंकणाऱ्या लोटस मोटारींचे मूळ हे असे आहे.

चॅपमनने १९५७ साली विक्रीस काढलेली ‘लोटस सेव्हन’ ही या साऱ्या प्रकरणातील मध्यवर्ती मोटार होय. आजच्या किट-कारपैकी कितीतरी तिच्या प्रतिकृती किंवा दूरच्या नातलग आहेत. तिला दरवाजे नव्हते, टपाच्या जागी कापडी आच्छादन होते आणि वजन पाचशे किलोग्रॅमच्या आतबाहेर होते. ती तयार मिळे, तशीच सुट्या भागांच्या रूपातही मिळे, आणि या दुसऱ्या रूपाचे रहस्य करकायद्यात होते. ब्रिटनमध्ये १९४० पासून ‘खरेदी-कर’ लागू होता. तयार मोटारीवर तो घाऊक किमतीच्या प्रमाणात आकारला जाई, आणि १९५०–६० या दशकात त्याचे प्रमाण पन्नास ते साठ टक्के, कधी त्याहूनही अधिक होते. सुट्या भागांच्या संचावर मात्र हा कर नव्हता. अट एवढीच की संचासोबत जोडणीच्या सूचना देता कामा नयेत. तेव्हा कारखान्याने मोटार सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचल्या, अशी एक कथा प्रसिद्ध आहे. ती थोडी खुलविलेली असेलही. पण कर चुकविण्यासाठी नव्हे, तर करातून सुटण्यासाठी कायद्याची फट किती काळजीपूर्वक मोजली गेली होती, हे तिच्यावरून कळते.

१ एप्रिल १९७३ रोजी खरेदी-कर रद्द होऊन त्याच्या जागी मूल्यवर्धित कर आला. संच आणि तयार मोटार यांमधला करापुरता भेद त्याबरोबर संपला. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे उत्पादन सोडले आणि तिचे हक्क ग्रॅहॅम निअर्न यांच्या कॅटरहॅम येथील व्यवसायाकडे गेले. कॅटरहॅमने ती मोटार पुढे चालू ठेवली. करातली सवलत गेल्यावर ही हौस ओसरेल, असे कोणालाही वाटले असते. तसे झाले नाही, आणि येथे गंजाचा संबंध येतो.

ब्रिटनमधील हवा दमट. त्यातच हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकण्याची पद्धत. मिठाचे पाणी पत्र्याच्या घड्यांत शिरते आणि मोटार आतून कुजू लागते. १९६० पासून जुन्या मोटारींची वार्षिक तपासणी सक्तीची झाली. सुरुवातीला ती ब्रेक, दिवे आणि सुकाणू यांपुरती होती, १९७७ मध्ये तिच्यात बाह्यांगाच्या आणि सांगाड्याच्या स्थितीचाही समावेश झाला. पत्रा कुजल्यामुळे रस्त्यावरून काढून टाकलेल्या अशा मोटारीचे इंजिन आणि गिअरपेटी पुष्कळदा अगदी धडधाकट असत. देह निकामी, पण हृदय शाबूत, अशी ही अवस्था. दाता मोटार ती हीच.

परंतु ऑस्टिन सेव्हनच्या वेळचा सोपा उपाय आता उरलेला नव्हता. युद्धानंतर मोटारींची रचना बदलली. वेगळा सांगाडा नाहीसा झाला आणि दाबून घडविलेल्या पत्र्याचे बाह्यांगच सारा भार उचलू लागले. अशा मोटारीचे बाह्यांग काढले तर हाती सुट्या यंत्रांचा ढीग राहतो. म्हणून किट पुरविणाऱ्याला बाह्यांगाबरोबर सांगाडाही द्यावा लागू लागला. फोक्सवॅगनची ‘बीटल’ हा यातला एक सुखद अपवाद होता, कारण तिचा तळपाट वेगळा निघे. कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स यांनी १९६४ साली समुद्रकाठच्या वाळूत पळणारी ‘मायर्स मॅन्क्स’ तयार केली, आणि पुढे तिचे जे संच विकले गेले त्यांतल्या बहुतेकांचा पाया हाच तळपाट होता.

सांगाडा विकत घेण्याऐवजी तोही घरीच का बांधू नये, असा प्रश्न पुढे आला तो १९९६ साली. रॉन चॅम्पियन या इंग्रज शिक्षकाचे, अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्‌स मोटार बांधा असे सांगणारे पुस्तक त्या वर्षी हेन्स या प्रकाशनसंस्थेने काढले. लोटस सेव्हनच्या धर्तीची मोटार, १९७५ ते १९८० या काळातील फोर्ड एस्कॉर्ट ही दाता मोटार आणि बाजारात मिळणाऱ्या चौकोनी पोलादी नळ्या, एवढ्यावर त्याची मांडणी उभी होती. शीर्षकातला आकडा बहुतेकांना गाठता आला नाही. तरीही या आराखड्यावरून जगात ठिकठिकाणी मोटारी उभ्या राहिल्या आणि ब्रिटनमध्ये त्यांच्या स्वतंत्र शर्यतीही होऊ लागल्या. यातली गंमत अशी की ज्या एस्कॉर्ट तेव्हा मोडीत मिळत, त्याच आता जुन्या रॅलीच्या मोटारी म्हणून संग्राहकांच्या आवडीच्या झाल्या आहेत. त्यामुळे बांधणाऱ्यांना फोर्ड सिएरा किंवा १९८९ साली आलेली माझ्दा एमएक्स-५ यांसारख्या दात्यांकडे वळावे लागले.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. पहिले साधन म्हणजे एक सपाट, पक्के मेज. जाड लाकडी फळ्यांवर सांगाड्याच्या तळाचा नकाशा पूर्ण मापात आखतात आणि रेषांच्या दोन्ही बाजूंना ठोकळे ठोकतात. पंचवीस मिलिमीटर चौरस छेदाच्या नळ्या मापात कापून त्या ठोकळ्यांत बसवितात. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद फुगते आणि थंड होताना आक्रसते; एका बाजूचे सर्व सांधे एकदम पुरे केले तर चौकट त्या बाजूला ओढली जाते. म्हणून प्रथम सर्वत्र केवळ टाके घालावयाचे, गुण्या आणि कर्णांची मापे लावून पाहावयाची, आणि नंतर आळीपाळीने समोरासमोरचे सांधे पुरे करावयाचे. कर्णांची मापे सारखी नसतील तर चौकट तिरकी आहे. अशा सांगाड्याची मोटार पुढे कितीही रंगविली तरी सरळ चालणार नाही.

नळ्यांच्या मांडणीत एक तत्त्व आहे. शेताच्या फाटकाची नुसती चौकट काही दिवसांत एका कोपऱ्याने लोंबू लागते, आणि तिला तिरकी पट्टी मारली की ताठ होते, हे आपण पाहतो. चौकोनाचा आकार बाजूंची लांबी न बदलता बदलू शकतो; त्रिकोणाचा तसा बदलू शकत नाही. त्रिकोणांनी बनविलेल्या सांगाड्यात प्रत्येक नळीवर केवळ ताण किंवा दाब येतो, वाकविणारे बल फारसे येत नाही, आणि त्यामुळे बारीक नळीही पुरते. पूल बांधणाऱ्या अभियंत्याला ही गोष्ट नवी नाही, आणि चॅपमनचे शिक्षण स्थापत्याचे होते हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. अडचण येते ती माणूस आणि इंजिन आत बसविण्याच्या जागेपाशी. तेथे तिरकी नळी घालता येत नाही, म्हणून उघड्या मोटारीचा सांगाडा मध्यभागी पिळवटण्याची भीती अधिक असते.

सेव्हनचा आकार घरी बांधण्यास इतका सोयीचा का, याचे उत्तर तिच्या पत्र्यात आहे. तिच्या बाजू, तळ आणि इंजिनावरचे झाकण एकाच दिशेने वळलेले आहेत. अ‍ॅल्युमिनियमचा सपाट पत्रा नळीवरून हाताने वळवून रिव्हेटांनी ठोकला की काम होते. दोन दिशांनी वळलेला पृष्ठभाग, उदाहरणार्थ घमेल्याचा, असा वळविता येत नाही. पत्रा ठोकून ताणावा लागतो, आणि ते वर्षानुवर्षांच्या कारागिरीचे काम आहे. म्हणून नाकाचा भाग आणि मडगार्डे तेवढी साच्यातून काढलेल्या काचतंतूंची, म्हणजे फायबरग्लासची, असतात. युद्धपूर्व एमजी मोटारींच्या वळणाची, डौलदार मडगार्डांची मोटार हवी असेल तर फायबरग्लासचा आधार आणखी घ्यावा लागतो. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून ओले राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते, म्हणून दोहोंमध्ये लुकणाचा थर हवा. घाईत हा थर विसरणाऱ्याची मोटार काही वर्षांत रिव्हेटांभोवती पांढरी पडते.

दात्याचे अवयव नव्या देहात बसविताना खरी परीक्षा होते. एस्कॉर्टची पुढची चाके ज्या उंच खांबासारख्या रचनेवर उभी असतात, ती सेव्हनच्या बसक्या नाकात मावत नाही. तेथे वरखाली दोन त्रिकोणी भुजा लागतात आणि त्यांना जुळणारे चाकाचे टेकू फोर्ड कॉर्टिनातून आणावे लागतात. प्रोपेलर शाफ्ट आखूड करून पुन्हा समतोल करून घ्यावा लागतो. इंजिनाखालची तेलाची कढई जमिनीला लागेल इतकी खोल असते. ती कापून उथळ करावी, तर वेगाने वळण घेताना तेल एका बाजूला जाते आणि पंप हवा ओढतो. त्यासाठी कढईत आडवे पडदे घालतात.

सुकाणूचे आडवे दंड भुजांच्या बिजागऱ्यांशी योग्य उंचीवर जुळले नाहीत, तर रस्त्यावरच्या खळग्यात चाक वरखाली होताच ते आपोआप वळते. चालकाने सुकाणू स्थिर धरले असतानाही मोटार बाजूला झेप घेते. हा दोष उभ्या मोटारीत दिसत नाही; स्प्रिंग काढून, चाक हाताने वरखाली करून, मोजूनच तो पकडावा लागतो.

ब्रेकच्या बाबतीत तर गाफील राहून चालतच नाही. एस्कॉर्टचे वजन नऊशे किलोग्रॅमच्या आसपास आणि बराचसा भार पुढच्या चाकांवर. नवी मोटार त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक, आणि तिचे इंजिन बरेच मागे सरकविलेले. ब्रेक तेच, भार मात्र निराळा. मागची चाके पुढच्यांच्या आधी जखडली तर मोटार स्वतःभोवती गिरकी घेते. म्हणून पुढच्या आणि मागच्या ब्रेकांमधील बळाची वाटणी नव्याने ठरवावी लागते. कारखान्यात हा हिशेब अभियंत्यांचा एक चमू करतो आणि त्याची चाचणी दुसरा घेतो. गॅरेजमध्ये दोन्ही कामे एकच माणूस करतो, तीही दिवसभराच्या नोकरीनंतर.

विजेच्या तारांचे काम त्या मानाने निरुपद्रवी, पण नवशिक्याला सर्वांत जास्त रडविणारे. पोलादी मोटारीत विजेचा परतीचा मार्ग म्हणून मोटारीचा देहच वापरतात. दिव्याला एकच तार पुरते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. मडगार्डावरच्या प्रत्येक दिव्याला परतीची स्वतंत्र तार हवी, हे ध्यानात न आल्याने सारे काही नवे असूनही दिवा लागत नाही.

यानंतर येते सजावट. जुन्या शैलीची मोटार बांधणाऱ्याला मोठे गोल दिवे, पितळी किंवा क्रोमचे झाकण, नाकावरचे चिन्ह, चाकाच्या मध्यभागी पंखांसारखे कान असलेले नट, लाकडी फळीवर मांडलेले मापदर्शक अशा गोष्टींची ओढ असते. मोटारीला व्यक्तिमत्त्व येते ते यांनीच. पण त्याच गोष्टी कायद्याच्या डोळ्यांत खुपतात. ब्रिटनमध्ये १९९८ पासून अशा एकेका मोटारीची स्वतंत्र तपासणी नोंदणीपूर्वी सक्तीची झाली, आणि २००९ मध्ये तिची जागा अधिक कडक तपासणीने घेतली. पादचाऱ्याला लागू शकेल अशा बाहेरच्या कडेची गोलाई किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची असावी, असा तीत दंडक आहे. कान असलेला नट येथेच बाद होतो. दिव्यांची उंची, आरशातून दिसणारा टापू, वेगदर्शकाची अचूकता, आवाज, धूर, आसनपट्ट्यांचे आधार, धडकेत चालकाच्या छातीत न घुसणारा सुकाणूचा दांडा, आणि मागच्या चाकांआधी पुढची चाके जखडणारे ब्रेक, या सर्वांची पाहणी होते. मोटार खरोखर हौशी माणसाने बांधली हे दाखविण्यासाठी बांधणीची छायाचित्रे आणि खरेदीच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात. काही भागांचे वय किंवा मूळ सिद्ध झाले नाही तर मोटारीला ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो, आणि तो मिरविण्यास बांधणारे फारसे उत्सुक नसतात.

तपासणीपुरती कडांवर रबराची पट्टी चढवावी, मोठे आरसे लावावेत, आणि प्रमाणपत्र हाती पडताच ते सारे काढून टाकावे, असे करणारेही आहेत, आणि ते त्याची चतुराई म्हणून वाच्यता करतात. सुट्या भागांवर कर नाही या नियमाचा फायदा घेणे निराळे आणि हे निराळे. पहिल्यात सरकारचे काही पौंड बुडत; दुसऱ्यात धोका पत्करतो तो रस्ता ओलांडणारा, ज्याला यातले काहीच ठाऊक नसते.

कारखान्याच्या मोटारीला मान्यता मिळते ती नमुन्याला. एक नमुना कसोटीला उतरला की त्याच्या हजारो आवृत्त्या विकता येतात. भारतातही हीच पद्धत आहे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही असे नमुने तपासणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापासून वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ कायम केला. ब्रिटनच्या कायद्याने मात्र घरी बांधणाऱ्या व्यक्तीलाच निर्माता मानून, तिच्या एकुलत्या एका मोटारीला त्या नात्याने जाब विचारण्याची सोय केली आहे.

प्रमाणपत्र मिळाल्यावरही काम संपत नाही. नव्या मोटारीत सांधे बसतात, रबरी बुशे दबतात, आणि नीट आवळलेले नटही सैल पडतात. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर मोटार पुन्हा ठोकळ्यांवर चढवून सुकाणूचा, भुजांचा आणि ब्रेकचा प्रत्येक सांधा मापाच्या पान्याने तपासावयाचा, आणि तपासलेल्या प्रत्येक नटावर रंगाचा एक ठिपका ठेवावयाचा, अशी या लोकांत रीत आहे. ठिपक्याची रेघ सरकलेली दिसली की तो नट पुन्हा फिरला आहे हे नुसत्या नजरेने कळते.